'थांबवा' दाबलं तर कुणाला कळायचं?

प्रिय विद्यार्थिनी,

तू मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घरातल्या मुलांसाठी, आजी-आजोबांसाठी उपकरणं आणि अ‍ॅप्स घडवायची तुला इच्छा आहे. पण कोडिंग येत नाही, आणि 'विश्वास, माया, मान यांचा तंत्रज्ञानाशी मेळ घालणारं शिक्षण असतं तरी का?' असं तू विचारतेस.

असतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बाट्या फ्रीडमन यांनी 1990च्या दशकात या विचाराची पायाभरणी केली. त्याला 'व्हॅल्यू सेन्सिटिव्ह डिझाइन' म्हणतात. वस्तू जो वापरतो त्याच्याइतकाच, न वापरताही जो तिच्या कचाट्यात सापडतो त्याचा विचार इथे होतो. स्मार्ट स्पीकर घरमालकाने घेतला, पण पाहुण्याचं बोलणंही त्याच्या कानी पडतंच की!

आता जरा बारकाईने बघ. आजोबा कुठे आहेत हे मुलाला दाखवणारं अ‍ॅप आहे. आजोबांना ते तासभर बंद ठेवायचंय. 'थांबवा' असं बटण दिलं. दाबल्यावर मुलाला मेसेज जावा का? गेला, तर लगेच फोन: 'बाबा, कुठे आहात?' म्हणजे बटण असून नसल्यासारखं. नाही गेला आणि नेमके तेव्हाच ते पडले तर? काळजीही खरी, मानही खरा. 2001 मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी वेगळी वाट दाखवली. लांब राहणाऱ्या ज्येष्ठांच्या फोटोला डिजिटल चौकट, आणि तिच्यावरच्या छोट्या चित्रांतून त्यांचा दिवस कसा चाललाय याचा नुसता अंदाज. काय दाखवायचं नाही हे ठरवणं, माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच.

मानसशास्त्र इथे अडचण नाही, भांडवल आहे. 'ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन' (माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास) किंवा इंटरॅक्शन डिझाइनच्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मानसशास्त्राचे विद्यार्थीही घेतात. कोडिंगचं थोडं अंग असलं की सुरुवातीला भागतं. कागदावर स्क्रीन काढून माणसांसमोर ठेवता येणं जास्त महत्त्वाचं. 'कुटुंबासाठीचं तंत्रज्ञान' अशा पाटीच्या नोकऱ्या मात्र मोजक्याच. बहुतेकांची सुरुवात यूएक्स रिसर्चर (वापरणाऱ्यांचा अनुभव अभ्यासणारी व्यक्ती) म्हणून भलत्याच अ‍ॅपवर होते. त्याने खट्टू होऊ नकोस.

पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, गुळगुळीत स्क्रीन सगळेच लावतात. (मी इतक्या पाहिल्यात की आता डोळ्यांत भरत नाहीत.) तू वरचंच बटण घे. एकाच घरातल्या तिघांशी वेगवेगळं बोल, त्यांची परवानगी घेऊन. कुणाचं कुणाशी पटलं नाही, तू कुणाच्या बाजूने कौल दिलास आणि त्यात कुणाचं नुकसान झालं, हे दोन पानांत लिही. मुलांसाठी काही करणार असशील तर त्यांनाच कागद-पेन्सिल दे. मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅलिसन ड्रुइन यांनी मुलांना डिझाइनचे भागीदारच करून घेतलं होतं.

ती दोन पानं झाली की मला पाठव. अभ्यासक्रमांची यादी तेव्हा करू.