नाशिकमध्ये प्रो-रेसलिंगचा शो: मुलाला न्या, आणि सासऱ्यांनाही न्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा दहा वर्षांचा आहे, डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंगचं वेड आहे, आणि आता नाशिकमध्येच एका लॉन्सवर छोट्या कंपनीचा रेसलिंगचा शो असल्याचं कळल्यापासून त्याने घर डोक्यावर घेतलंय. सासरे म्हणतात, "सगळी नुरा कुस्ती असते, त्यापेक्षा पोराला जत्रेतली खरी कुस्ती दाखवा." तुम्ही विचारलंय की न्यावं का, लहान मुलाला काही धोका आहे का, आणि हे सगळं ठरवून केलेलं असतं हे त्याला आधीच सांगावं का.

न्या. अगदी निःशंक न्या. मुंबई, पुणे, नाशिक, जिथे जमेल तिथे मी असे शो बघत आलोय. हजारो लोकांच्या स्टेडियमपेक्षा तीनशे-चारशे खुर्च्यांच्या शोमध्ये मला जास्त मिळतं, कारण तिथे पैलवानाचा श्वास ऐकू येतो.

आधी सासऱ्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते मोडीत काढण्यासारखं नाही. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरंच आहे. ते आता गुपितही राहिलेलं नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफच्याच, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्याच, माणसांनी सांगून टाकलं होतं की आमचा कार्यक्रम हे मनोरंजन आहे, स्पर्धा नव्हे. पण म्हणून ती नुरा कुस्ती होत नाही. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं. आखाड्यात इनाम लावलेलं, लोक कोसावरून आलेले, आणि दोघा पैलवानांनी आतून हातमिळवणी केलेली. ती लबाडीच. रेसलिंगच्या शोमध्ये फसवणूक नसते, कारण तिकीट काढणाऱ्याला आपण काय बघायला चाललोय ते माहीत असतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा घ्या. रात्री संबळ वाजायला लागतो, मुखवटा चढवलेली सोंगं एकामागून एक नाचत येतात. राक्षसाच्या मुखवट्यामागे शेजारच्या पाड्यावरचा कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तरी तो अंगावर धावून आला की पोरं आईच्या पदराआड जातात आणि मोठी माणसंसुद्धा दोन पावलं मागे सरतात. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मेक्सिकोत तर कित्येक रेसलर मुखवटे घालूनच लढतात आणि मुखवटा उतरवला जाणं ही तिथे हरण्यापेक्षा मोठी नामुष्की मानतात. या शोकडे त्या नजरेने बघितलं की अर्धं भांडण मिटतं.

आणि सासऱ्यांच्या पिढीने दारासिंगचं नाव ऐकलेलं असणारच. १९५४ साली रुस्तम-ए-हिंद झालेला हा अस्सल मातीतला पैलवान. पण किंगकाँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या ज्या लढतींनी तो घराघरांत पोचला, किंवा २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जो जागतिक किताब त्याने घेतला, ते सगळं फ्रीस्टाइल म्हणजे आजच्या या शोच्याच घराण्यातलं. अलीकडचं हवं असेल तर २०१२ साली कलर्स वाहिनीवर आलेला 'रिंग का किंग' पुण्याच्या बालेवाडी संकुलात झाला होता. त्याच बालेवाडीत २०२० साली नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. एकाच संकुलात दोन्ही गोष्टी झाल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आता खरं काय असतं ते सांगतो, कारण मुलगा तुम्हाला हेच विचारणार आहे.

रिंग म्हणजे मऊ गादी नव्हे. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वरून ताणून बांधलेलं कॅनव्हास, बस्स. आपटल्यावर मोठा आवाज यावा म्हणून ती पोकळ ठेवलेली असते, थोडी दबतेही, पण पाठ शेवटी फळीवरच पडते. पडायचं कसं हे शिकण्यातच सुरुवातीचे महिने जातात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडायचा. पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात पसरून कॅनव्हासवर मारायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. दोरांवर धावत जाऊन उलट येतात ना, ते दोर लोखंडी तारेचे किंवा जाड दोरखंडाचे असतात आणि वरून टेप गुंडाळलेला असतो. नवशिक्यांच्या बरगड्या आणि काखेखालची जागा काळीनिळी पडलेली मी पाहिली आहे. छातीवर उघड्या पंजाचा जो फटका मारतात तो बहुतेक वेळा खराच असतो. पुढच्या रांगांतून बघाल तर गोऱ्या कातडीवर पाच बोटं उमटलेली दिसतील, आणि सावळ्या कातडीवर सूज.

दोन वर्षांपूर्वी नाशिकमधल्याच एका शोला मी आप्पांना, म्हणजे माझ्या काकांना, घेऊन गेलो होतो. तरुणपणी सिन्नरकडच्या जत्रांतून कुस्त्या केलेला माणूस. पहिल्या दोन लढती हाताची घडी घालून बसले होते, चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट. तिसऱ्या लढतीला खलनायक आला. काळी चड्डी, अंगाला तेल, येतानाच लोकांना शिव्या घालत होता आणि सगळं पब्लिक त्याच्यावर हुर्यो उडवत होतं. आप्पा माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "कान बघ त्याचे." दोन्ही कान मोडलेले, पाकळ्या गोळा होऊन घट्ट झालेल्या, वर्षानुवर्षं कुस्ती करणाऱ्यांचे होतात तसे. "हा तालमीतला आहे," आप्पा म्हणाले आणि घडी सुटली.

पुढे त्या पोराने समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला. आप्पा खुर्चीवरून अर्धे उठले, "कलाजंग!" डब्ल्यूडब्ल्यूईचा जॉन सीना शेवटी जो डाव मारायचा त्याची उचलही हीच, हे तुमच्या मुलाला सांगा, त्याला फार आवडेल. पण आप्पांनी पुढचं जे पाहिलं ते मी इतकी वर्षं शो बघून कधी टिपलं नव्हतं. आपटताना त्या खलनायकाचा डावा हात समोरच्याच्या मानेखाली गेला होता. रिंग दणाणली, लोक ओरडले, आणि तो हात मानेखाली होता. आप्पा हळूच म्हणाले, "नीट टेकवला रे त्याने."

मला या सगळ्यातलं मोलाचं वाटतं ते हेच. कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लावायची आणि आपली वाचवायची. इथे समोरच्याने त्याचं शरीर तुमच्या हवाली केलेलं असतं. तो डोकं खाली, पाय वर असा तुमच्या हातात असतो, आणि त्याची मान सलामत ठेवणं हे तुमचं काम. वर पुन्हा शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला वाटलं पाहिजे की तुम्ही त्याचा जीव घेताय. ज्याला हे जमतं त्याला मी मनापासून मानतो. चूक झाली तर माणूस आयुष्यभरासाठी जायबंदी होतो, आणि छोट्या शोच्या पोरांकडे मोठ्या कंपनीसारखं डॉक्टरांचं पथक नसतं.

म्हणून रेफरीकडे लक्ष ठेवायला शिका. तो पडलेल्याजवळ वाकतो तेव्हा नुसती गिनती करत नाही, हात दाबून बघतो. उलट दाब आला की माणूस ठीक आहे. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले, तर ते बहुतेक वेळा नाटक नसतं, खरंच लागलेलं असतं. त्या वेळी ओरडणं थांबवायचं.

शो संपल्यावर आप्पा त्या पोराला शोधत मागे गेले. "कुठल्या तालमीत होतास?" एवढंच विचारलं. तो वाकून पाया पडला. सहा वर्षं मातीत काढली होती, मग गुडघा गेला, आणि खुराकाचा खर्चही घरच्यांना पेलेना. आता दिवसा पिकअप चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी शो करतो. आप्पांनी खिशातून शंभराची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली, जत्रेत पैलवानाला देतात तशी.

आता तुमच्या उपयोगाचं. जागा मिळाली तरी मुलाला पहिल्या रांगेत बसवू नका. पैलवान रिंगबाहेर पडतात, कठड्यावरून थेट खुर्च्यांत येतात, ते आधी ठरलेलं असलं तरी तुम्हाला ते ठाऊक नसतं. तिसरी रांग उत्तम. रेफरी किंवा पैलवान "उठा, बाजूला व्हा" म्हणाला की पर्स, बाटली कशाचाही विचार न करता मुलाला घेऊन उठायचं. पैलवानाने स्वतः हात पुढे केला तर टाळी द्यावी, आपणहून त्याच्या अंगाला हात लावू नये, आणि रिंगच्या दिशेने काहीही फेकू नये. एका शोमध्ये कुणीतरी पाण्याची भरलेली बाटली फेकली होती, कॅनव्हास ओला झाला आणि पुढच्या लढतीत एका पोरीचा पाय घसरला. हो, मुलींच्या लढतीही असतात, आणि कित्येकदा त्याच सगळ्यात रंगतात. हरियाणाची कविता देवी २०१७ साली सलवार-कमीजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरली, तिथे लढणारी ती पहिली भारतीय स्त्री. ओळखीत कुणाची मुलगी असेल तर तिलाही सोबत घ्या.

वेळ सहाची दिली असेल तर साडेसातला सुरू होईल असं धरून चला, पोराला खाऊ घालून न्या. डीजेचा आवाज फार असतो, स्पीकरपासून लांबची बाजू धरा. तिकीट काढण्याआधी एक चौकशी जरूर करा: फ्लेक्सवर ज्याचा मोठा फोटो आहे तो खरंच येणार आहे का? एकदा आमच्यावर हा प्रसंग आला. ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो आलाच नाही, आयोजकाने शेवटपर्यंत माइकवर एक शब्द सांगितला नाही, आणि लहान मुलं त्याच्या नावाची पाटी धरून रात्री दहापर्यंत बसून राहिली. मला त्याचा आजही राग आहे. त्या दिवशी इभ्रत राखली ती नव्या पोरांनी. शेवटची लढत त्यांनी पाऊण तास ओढली आणि मग रिंगखाली उतरून एकेका मुलाबरोबर फोटो काढले. त्यामुळे मोठ्या नावासाठी जाऊ नका, त्या पोरांसाठी जा. बाहेर ते स्वतःच टी-शर्ट विकत बसतात. त्यांना शोचे फार पैसे मिळत नाहीत, जमलं तर एखादा घ्या. रोख ठेवा.

ओरडायला लाजू नका. नाटकात प्रेक्षक गप्प बसून बघतो, इथे तुमचा आवाज हा लढतीचा भाग असतो. नायक पडला आणि पब्लिक थंड राहिलं तर तो उठणार तरी कुणाच्या जोरावर? चांगला खलनायक तुमच्या हुर्योवर पोसला जातो, लोक चिडले की तो अजून सावकाश चालतो, अजून डिवचतो. तुम्ही ओरडलात तर मुलगाही मोकळा होईल.

मुलाला आधी सांगायचं का? दहा वर्षांच्या मुलाला बहुधा अर्धं कळलेलंच असतं. मी म्हणेन, जाण्याआधी "खोटं असतं" हा शब्द वापरू नका. बघू द्या. घरी येताना तो स्वतः विचारेल, तेव्हा सगळं सांगा: निकाल ठरलेला असतो, आपटणं खरं असतं, आणि पडायला शिकायला महिनोन्महिने जातात. एक गोष्ट मात्र जाण्याआधीच ठणकावून सांगा, की हे डाव गादीवर, सोफ्यावर, धाकट्या भावंडावर करायचे नाहीत. मानेखालचा तो हात शिकवल्याशिवाय येत नाही.

जत्रेतली कुस्तीही दाखवाच, सासऱ्यांचं तेवढं ऐका. रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या, कुस्त्या त्याच्याच वयाच्या पोरांच्या असतात, हलगी वाजायला लागली की त्यालाही लंगोट लावावासा वाटेल. भगूरला, जिथे सदगीर सुरुवातीला घडला, तिथे सकाळी तालमीचा सराव बघायला नेता आलं तर फारच छान. २०२० च्या त्या अंतिम कुस्तीनंतर त्याने हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. तो फोटो मुलाला दाखवा.

शोला सासऱ्यांना कडेची खुर्ची द्या, पाय लांब करता येतील. लॉन्स उघड्यावर असतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर गारठा हाडांत शिरतो, त्यामुळे तिघांचेही स्वेटर घ्या. आणि पैलवान यायला लागले की सासऱ्यांना एवढंच सांगा, "मामंजी, कान बघा."