स्वीडिश 'क्रिस्तेनदुम'मधला 'दुम' म्हणजे आपला 'धर्म'च का?

नाही. ख्रिस्ती धर्म 'क्रिस्तेनदुम' आणि ज्यू धर्म 'यूदेनदुम', हे पाहून तुम्हाला शंका आली ते साहजिक आहे. पण 'धर्म' आला 'धृ' धातूपासून, म्हणजे धारण करणं. 'दुम'चं मूळ जुळतं ते आपल्या 'धा'शी: ठेवणं, स्थापणं. संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला 'ध' संस्कृतात टिकला, स्वीडिश-इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत त्याचा 'द' झाला. तेव्हा या 'दुम'चे नातेवाईक शोधायचे तर 'विधी', 'विधान' आणि चारधाममधल्या 'धाम'कडे जावं लागेल.

नुसता 'दुम' शब्द स्वीडिशमध्ये आजही वापरात आहे. अर्थ, कोर्टाचा निकाल. निकाल देणारा न्यायाधीश तो 'दुमारे'. आधी घालून दिलेला नियम, मग त्यावरून केलेला निवाडा, असा तो अर्थ सरकत गेला. प्रत्यय झाल्यावर मात्र त्यातली कोर्टकचेरी संपली आणि 'अमुक असण्याची अवस्था' एवढंच उरलं. इंग्रजी फ्रीडम, विजडममधला 'डम' हाच. म्हणून स्वीडिशमध्ये 'बार्नदुम' म्हणजे बालपण आणि 'शूकदुम' म्हणजे चक्क आजार! थोडक्यात, 'दुम'मध्ये धार्मिक असं काही नाही.

धर्म आहे तो 'क्रिस्तेन'मध्ये, म्हणजे ख्रिस्ती. त्याच्या मुळाशी ग्रीक 'ख्रिस्तोस', अभिषेक झालेला; हिब्रू 'माशिआख'चं ते भाषांतर. यावरूनच 'क्रिस्तना', ख्रिस्ती करणं, हे क्रियापद झालं आणि ते स्वीडनमध्ये दगडावर कोरलेलं सापडतं. येम्टलंड प्रांतात फ्रोसोन नावाचं बेट आहे, तिथल्या अकराव्या शतकातल्या रूनशिळेवर, म्हणजे जुन्या रून लिपीत कोरलेल्या दगडावर, लिहिलंय की गुडफास्टचा मुलगा ओस्टमन याने हा पूल बांधवला आणि येम्टलंडला ख्रिस्ती करवलं. गंमत अशी की त्या बेटाचं नावच मुळी फ्रेय या जुन्या देवावरून पडलेलं.

एक सावधगिरी. कॅथेड्रलला स्वीडिशमध्ये 'दुमचिर्का' म्हणतात, त्यातला 'दुम' यात धरू नका. 'चिर्का' म्हणजे चर्च, आणि हा 'दुम' जर्मनमार्गे आला लॅटिन 'दोमुस'वरून, म्हणजे घर. संस्कृतात त्याचा भाऊबंद 'दम्', अर्थ तोच, घर. आपल्या लग्नपत्रिकांतल्या 'दंपती'मध्ये तो आहे: मूळ अर्थ घराचे धनी.