बंदीची नोटीस टिकणार नाही, पण तो लांब पट्टा आधी बदला

प्रश्न : आमची पुण्यात 64 फ्लॅटची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. माझ्याकडे बंड्या नावाचा तीन वर्षांचा देशी कुत्रा आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास मी त्याला बागेत फिरवत होते. घसरगुंडीवरून उतरून एक पाच वर्षांचा मुलगा पळत आला आणि बंड्याने त्याच्यावर उडी मारली. मुलगा पडला, दंडावर नखाचा ओरखडा उठला. बंड्या चावला नाही, त्याला पट्टाही होता. चार दिवसांनी कमिटीने नोटीस लावली : कुत्र्यांना बाग आणि लिफ्ट बंद, नियम मोडल्यास दर वेळी 2000 रुपये दंड. मी लिफ्ट वापरली म्हणून दंड माझ्या मेंटेनन्सच्या बिलात आलासुद्धा. दोन मुलं बंड्याला दगड मारतात, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. गेटजवळच्या भटक्या कुत्रीला खायला घालणंही बंद करा म्हणतात. दंड भरू का? सेक्रेटरींविरुद्ध आणि त्या मुलांविरुद्ध पोलिसात जाऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचे फोटो मी नीट पाहिले. एकात नोटीस आहे. दुसऱ्यात बंड्या बागेतल्या बाकाखाली बसलाय आणि त्याच्या पट्ट्याची प्लास्टिकची मूठ बाकावर ठेवलेली आहे. दोरी आत गुंडाळली जाणारा हा पट्टा आहे. असे पट्टे बहुतेक वेळा चार-पाच मीटरपर्यंत सुटतात. फोटोत मागे घसरगुंडी दिसते, बाकापासून फार तर दहा पावलांवर. म्हणून आधी त्या संध्याकाळबद्दल बोलते, नोटिशीकडे मग येते.

पट्टा होता की नव्हता, एवढंच कायदा बघत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये खबरदारीची भाषा आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे कुणाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असेल आणि ती टाळण्यापुरती काळजी आपण जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एका ओरखड्यावरून हे कलम तुमच्यावर टिकेल असं मला वाटत नाही. पण आता तुम्हाला एक गोष्ट ठाऊक झाली आहे : पळणारं मूल दिसलं की बंड्या झेप घेतो. उद्या पुन्हा असं झालं आणि मुलाचं डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलं, तर "मला कल्पना नव्हती" हे तुम्हाला म्हणता येणार नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यातही हाच मुद्दा तुमच्या विरोधात जाईल. तेव्हा आजच चार-पाच फुटांचा साधा, जाड पट्टा आणा आणि मुलं खेळत असताना तो हातात आखूड धरा. सहा वाजता सगळी मुलं बागेत उतरलेली असताना कुत्र्याला घसरगुंडीशेजारी घेऊन फिरणं ही तुमची चूक होती. ती कमिटीने म्हणण्याआधी तुम्ही स्वतः मान्य केलीत, तर पुढचं सगळं सोपं होईल.

आता नोटीस. सरसकट बंदी टिकणारी नाही. बाग आणि लिफ्ट या सामाईक सोयी आहेत. त्या कशा वापरायच्या याची शिस्त संस्था लावू शकते, पण कुत्रा पाळला म्हणून एखाद्या सभासदाचा वापरच बंद करण्याचा अधिकार नोटीस बोर्डावरच्या कागदाने मिळत नाही. संस्थेचा कारभार नोंदणी झालेल्या उपविधींनी, म्हणजे संस्थेच्या नियमावलीने चालतो. उपविधी बदलायचे तर सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश बहुमत लागतं आणि सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी लागते. कमिटीच्या बैठकीत पाच-सहा जणांनी माना डोलावल्या म्हणून नवा उपविधी तयार होत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमत असलं तरी संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, लिफ्ट नाकारता येणार नाही, बागेसाठी हवं तर वेळा ठरवा, असा त्यांचा सूर आहे. एक मात्र लक्षात ठेवा, या सूचना म्हणजे कायदा नव्हे. पत्रात त्यांचा आधार जरूर घ्या, पण "सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे" असं ठोकून देऊ नका. समोरच्याने वकील गाठला की तुमची बाकीची बरोबर बाजूही लंगडी पडते.

दंडाचंही तसंच. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे दंड करायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं म्हणणं ऐकून घेणं, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय, अशा पायऱ्या आहेत. तुमच्याबाबतीत रक्कम थेट बिलात चढवली गेली. ती भरू नका. पण रागाच्या भरात अख्खं मेंटेनन्स थांबवायची चूकही करू नका. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांची मूळ तक्रार शंभर टक्के खरी होती, पण त्यांनी वर्षभर पैसे अडवले, थकबाकीदार ठरले, वसुलीच्या दाखल्याला, म्हणजे सक्तीच्या वसुलीच्या आदेशाला सामोरे गेले आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. दंड वगळून उरलेली रक्कम वेळेत भरा. सोबत पत्र द्या की दंडाच्या 2000 रुपयांवर माझी हरकत आहे, तो कोणत्या उपविधीखाली आणि कोणत्या सभेच्या ठरावाने लावला हे लेखी कळवा. दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कमिटीने 15 दिवसांत उत्तर देणं अपेक्षित आहे. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर उपनिबंधकांकडे अर्ज करा. एवढं होऊनही दंड मागे घेतला नाही, तरच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. सेक्रेटरींविरुद्ध पोलिसात जाण्यासारखं तुमच्या पत्रात काही नाही. त्यांनी धमकी दिलेली नाही, कुत्र्याला इजा केलेली नाही. चुकीची नोटीस काढणं हा गुन्हा नाही.

दगड मारणाऱ्या मुलांबद्दल. प्राण्याला मारणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दगडाने प्राणी मेला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण तुम्ही लिहिता की त्यातला एक पहिलीत आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. दुसरा दहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी तरी पोलीस ठाण्याची पायरी चढू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. त्याच्या आईवडिलांशी बोला. जमलं तर त्या मुलाला तुमच्यादेखत, पट्टा तुमच्या हातात असताना, बंड्याला एक बिस्किट देऊ द्या. कुत्र्याला घाबरणारी मुलंच बहुतेक वेळा दगड उचलतात.

गेटजवळच्या कुत्रीची गोष्ट वेगळी, कारण तिथे नेमका नियम आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मधल्या नियम 20 प्रमाणे आवारात राहणाऱ्या कुत्र्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती खाऊ घालणाऱ्या रहिवाशांना सोबत घेऊन पार पाडायची आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून लांब हवी. वेळ अशी हवी की मुलं आणि वयस्कर माणसं तिथे कमीत कमी असतील. घालणाऱ्याने मागे घाण ठेवायची नाही. म्हणजे कमिटीने "बंद करा" म्हणणं चूक, आणि तुम्ही गेटसमोरच पोळ्या टाकणंही चूक. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई करून प्रत्येक वॉर्डात ठरावीक जागा करायला सांगितलं, त्यामुळे गेटबाहेरचा रस्ता हा पर्यायही उरत नाही. मागच्या बाजूला पंपरूमपाशी जागा असेल तर ती सुचवा. एकमत झालं नाही तर याच नियमात पशुकल्याण समितीची सोय आहे. तिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणिसंस्थेचा प्रतिनिधी, तक्रारदार आणि संस्था असे सगळे एकत्र बसतात आणि खाण्याची जागा ठरवतात. बंड्या पाळीव असल्यामुळे त्याचा वाद मात्र या समितीपुढे जात नाही.

कोर्टात जाऊन जे मिळेल त्यापेक्षा चांगलं वेळापत्रक तुम्ही आठवडाभरात स्वतः करू शकता. सर्वसाधारण सभेपुढे एक पानी प्रस्ताव ठेवा. संध्याकाळी पाच ते आठ बाग फक्त मुलांची. कुत्र्यांसाठी सकाळी साडेसातच्या आधी आणि रात्री साडेनऊनंतर, तेही आखूड पट्ट्याने. झोपाळा, घसरगुंडी आणि वाळूच्या खड्ड्यात कुत्रा कधीच नाही. वाळूबद्दल विशेष लिहिते, कारण याकडे कुत्रा पाळणाऱ्यांचं लक्षच जात नाही. जंत झालेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत मिसळतात आणि मुलं त्याच वाळूत अनवाणी, मातीचे हात तोंडात घालत खेळतात. रात्री खड्ड्यावर ताडपत्री टाकण्याचा खर्च तुम्ही कुत्रा पाळणाऱ्या चार घरांनी वाटून घ्या. प्रत्येक कुत्र्याचा महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीची तारीख आणि जंतांच्या औषधाची तारीख संस्थेच्या फाइलला लावा. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर विचारून चढा, नाहीतर पुढच्या फेरीला थांबा. एवढं कबूल करणाऱ्या सभासदाला बंदी घालायला सभेत हात वर होणं अवघड असतं.

आणि हे सगळं करण्याआधी त्या मुलाच्या घरी जा. तुमच्या पत्रात त्याच्या आईबद्दल एकच वाक्य आहे, "त्यांनी बोलणं सोडलंय". डॉक्टरांनी त्याला रेबीजची लस सुरू केली होती, हे तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. म्हणजे तिने त्या पोराला दर वेळी इंजेक्शनच्या भीतीने रडताना धरून ठेवलं असणार, आणि प्रत्येक तारखेला तिच्या मनात तुमचा कुत्रा असणार. वकील म्हणून मला विचाराल, तर दवाखान्याचा खर्च देऊ करणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. पैसे घ्यायचे की नाही ते त्या ठरवतील. बंड्या त्या दिवसानंतर दहा दिवस ठणठणीत होता आणि आजही आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं. बंड्याला घरी ठेवून जा. लसीच्या कार्डाची झेरॉक्स सोबत न्या आणि ती त्यांच्याकडेच ठेवून या. मूळ कार्ड सभेत लागेल.