बॅबिलोनने जाळलेलं जेरुसलेम पुन्हा कोणी उभारलं? इराणी राजा सायरसनेच का?

परवानगी सायरसने दिली, पण शहर उभारलं परत आलेल्या यहुद्यांनी, आणि त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागली. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने तट पाडले, सॉलोमनचं मंदिर जाळलं आणि बऱ्याच लोकांना बॅबिलोनला नेलं. उत्खननात त्या काळातला राखेचा थर आणि बाणांची टोकं सापडली आहेत, त्यामुळे ही केवळ धर्मग्रंथातली कथा नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसने बॅबिलोन जिंकल्यावर परतीची वाट मोकळी झाली. तरी मंदिराचं काम मध्ये रखडलं. परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल आणि मुख्य याजक येशूआ यांनी ते इराणी राजा दारयवेश पहिला याच्या काळात, इ.स.पू. ५१५ च्या आसपास पुरं केलं. तट मात्र पडलेलेच होते. ते इ.स.पू. ४४५ च्या सुमारास नहेम्याने बांधून घेतले. हा इराणी दरबारातला प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक. बायबलमध्ये त्याच्या नावाच्या पुस्तकात ५२ दिवसांत काम संपल्याचं म्हटलं आहे. हल्ल्याच्या भीतीने बांधकाम करणारे एका हाताने काम करत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरत, हे त्यातलं वर्णन मला फार भिडतं. एक खुलासा: पुरावा म्हणून दाखवतात त्या सायरसच्या लेख कोरलेल्या मातीच्या दंडगोलावर जेरुसलेमचं किंवा यहुद्यांचं नाव नाही. त्यात देवमूर्ती आणि लोकांना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचा सर्वसाधारण उल्लेख आहे. जेरुसलेमबद्दलचा सायरसचा हुकूम आपल्याला बायबलमधूनच कळतो.