रोज ऑफिसला फाउंडेशन जड वाटतं. त्याऐवजी टिंटेड सिरम चालेल का?

चालेल. तुम्ही लिहिलंय तसा वर्ण गव्हाळ, कपाळ-नाक तेलकट, गाल साधारण, हनुवटीवर पिंपल्सचे दोन-चार जुने डाग, सकाळी स्कूटरवरून ऑफिस आणि दुपारपर्यंत फाउंडेशन थापल्यासारखं दिसणं, हे सगळं धरलं तर टिंटेड सिरम, म्हणजे थोडा रंग मिसळलेलं पातळ सिरम, तुम्हाला बरंच सोयीचं पडेल. दोन गोष्टी मात्र आधीच मनाशी पक्क्या करा. ते डाग झाकणार नाही. आणि बाटलीवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन वेगळं लावायचंच. ज्यांचं टिंटेड सिरमशी जमत नाही, त्यांचं बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी बिनसलेलं असतं.

बाटलीत नेमकं काय असतं ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. रंग फाउंडेशनमधलाच असतो: लाल, पिवळा, काळा आयर्न ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड. घटकांच्या यादीच्या शेवटी सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ आणि ७७८९१ असे आकडे दिसतात ते हेच. सिरममध्ये हा रंग कमी असतो आणि तो पाण्यात, हलक्या तेलात किंवा लगेच उडून जाणाऱ्या पातळ सिलिकॉनमध्ये कालवलेला असतो. रंग जड आणि द्रव पातळ, म्हणून बाटली उभी राहिली की रंग हळूहळू खाली बसतो. पुष्कळ बाटल्यांत एक बारीक गोळी असते, हलवली की टकटक वाजते, ती याचसाठी. रोज वापरण्याआधी दहा सेकंद बाटली नीट हलवा. हे केलं नाही तर पहिले काही आठवडे नुसतं फिकट, तेलकट पाणी चेहऱ्यावर जातं आणि बाटली तळाला आली की घट्ट, गडद रंग निघतो. मग ‘शेड बदलली’ असं वाटतं.

यादीतच सीआय ७७०१९ दिसलं तर ते मायका, म्हणजे चमक. कोरड्या चेहऱ्याला ती छान दिसते. तुमच्या कपाळावर मात्र अकरा वाजता ती तेलासारखीच चकाकेल, तेव्हा ते शक्यतो टाळा.

आता एसपीएफचं. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर दिलेला असतो. पूर्ण चेहऱ्यासाठी हे साधारण १ ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे दोन बोटांवर बुडापासून टोकापर्यंत भरून काढलेली सनस्क्रीनची एकेक रेघ. टिंटेड सिरम आपण लावतो तीन-चार थेंब. वीस थेंबांचं १ मिलिलिटर धरलं तर चार थेंब म्हणजे ०.२ मिलिलिटर, लागतं त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. इलिया या कंपनीच्या सुपर सिरम स्किन टिंटवर एसपीएफ ४० लिहिलेलं आहे आणि त्यात झिंक ऑक्साइड खरोखरच आहे, पण तो आकडा चार थेंबांना लागू होत नाही. आणि तो आकडा मिळावा म्हणून रोज १ मिलिलिटर थापलं तर ३० मिलिलिटरची बाटली महिन्यात संपेल, शिवाय ज्या जडपणाला कंटाळून तुम्ही फाउंडेशन सोडताय तोच परत येईल. चार थेंबांच्या हिशेबाने तीच बाटली साधारण पाच महिने जाते.

म्हणून क्रम असा: तोंड धुवून टिपून घ्या, ओलसर असतानाच अगदी थोडं मॉइश्चरायझर लावा (तुमच्या कपाळाला आणि नाकाला ते नसलं तरी चालेल), मग दोन बोटं सनस्क्रीन, मग दहा ते पंधरा मिनिटं काहीही नाही. डबा भरा, केस विंचरा, चहा घ्या. बोट लावल्यावर चिकट ओढ जाणवेनाशी झाली की मगच सिरम. या दहा मिनिटांना मी सर्वांत जास्त महत्त्व देते. सनस्क्रीन वाळून त्याचा सलग पापुद्रा बसायला वेळ लागतो. त्याआधी वरून बोटं फिरवली की तो पापुद्रा जागोजागी सरकतो, संरक्षण कमी होतं आणि वरचा रंगही चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. याच कारणासाठी सनस्क्रीन आणि टिंटेड सिरम तळहातावर एकत्र कालवून लावू नका. वेळ वाचतो, पण दोन्ही वस्तू अर्धवट काम करतात.

लावताना बाटलीचा ड्रॉपर चेहऱ्याला टेकवू नका. त्वचेवरचं तेल आणि जंतू परत बाटलीत जातात. पालथ्या हातावर दोन थेंब घ्या. अर्ध्या चेहऱ्याला दोन, उरलेल्या अर्ध्याला दोन. चारही थेंब एकदम घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर ठिपके दिले तर शेवटच्या ठिपक्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला वाळलेला असतो आणि तिथे कडा दिसते. मधल्या बोटाने आणि अनामिकेने नाकाच्या बाजूपासून सुरुवात करा, गालावरून कानाकडे न्या, मग हनुवटी, कपाळ सगळ्यात शेवटी आणि बोटावर जे उरलंय तेवढंच. लालसरपणा आणि असमान रंग बहुतेकींच्या चेहऱ्यावर मध्यभागी असतो, म्हणून रंग तिथे जास्त हवा आणि जबड्याकडे विरत जायला हवा.

बोटं वरून खाली फिरवा, कानाजवळ तर नक्कीच. तिथली लव उलट दिशेने घासली गेली की प्रत्येक केसाच्या बुडाशी रंग अडकतो, आणि ब्लीच केलेलं असेल तर सोनेरी केसांवर मातकट ठिपके दिसतात. स्पंज वापरायचा असेल तर तो ओला करून घट्ट पिळा आणि फक्त शेवटी दाबायला वापरा. कोरड्या स्पंजवर सिरम घेतलं तर अर्धं तोच पिऊन टाकतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती वळ्यांची. अंग चोळताना मळ निघतो तशा बारीक करड्या वळ्या चेहऱ्यावर गोळा होतात, विशेषतः जबड्यावर आणि भुवयांच्या वर. उत्पादन खराब निघालं असं वाटतं, पण दोष बहुतेक वेळा खालच्या थरांचा असतो. जेलसारख्या सिरमांमध्ये आणि काही सनस्क्रीनमध्ये घट्टपणासाठी कार्बोमर किंवा झँथन गम असतो. तो वाळला की पातळ पापुद्रा होतो, आणि त्यावर सिलिकॉनवालं काही घासलं की तो सोलून निघतो. आधी एक थर कमी करून बघा. नायसिनामाइडचं वेगळं सिरम, त्यावर हायलुरॉनिक अ‍ॅसिड, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, त्यावर हे, एवढं सकाळी चेहरा सोसत नाही. औषधी सिरमं रात्रीवर न्या. तरीही वळ्या आल्या तर घासणं बंद करून नुसतं थोपटून लावा. एवढ्यावरही थांबलं नाही तर सनस्क्रीन आणि टिंटेड सिरम यांच्या यादीतले पहिले पाच घटक शेजारी ठेवून वाचा: एकात पाणी आणि ग्लिसरीन पुढे आणि दुसऱ्यात डायमेथिकोन (हे सिलिकॉन) किंवा आयसोडोडेकेन (हे उडून जाणारं हलकं तेल) पुढे असेल, तर ती जोडी जमत नाही. सारख्या जातीची दोन घ्या.

शेड निवडणं फाउंडेशनपेक्षा सोपं, कारण रंग पारदर्शक आहे. अर्धी शेड इकडेतिकडे झाली तर कळत नाही. पण छटा चुकली तर नक्की कळतं. गव्हाळ वर्णात बहुधा पिवळसर छटा असते, काहींच्या रंगात हिरवट झाकही असते. त्यावर गुलाबी छटेची शेड लावली की चेहरा राखेरी दिसतो, मग तुम्ही ती कितीही पातळ लावा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनगटावर लावून ठरवू नका. मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या हाडावर, मानेच्या अगदी वर एक थेंब लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि निदान दहा मिनिटं थांबा. उडून जाणारा द्रव उडाला आणि त्वचेचं तेल रंगात मिसळलं की बरीच सिरमं किंचित गडद होतात. दोन शेडमध्ये अडलात तर रोजच्या वापरासाठी मानेशी जुळणारी घ्या. ‘जरा उजळ दिसू दे’ म्हणून एक पायरी वर गेलात तर टायटॅनियम डायऑक्साइड जास्त पडतो आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तोच पांढुरका दिसतो. त्याच वेळी कानामागे एक थेंब लावून एक-दोन दिवस खाज किंवा पुरळ येत नाही ना, तेही बघून घ्या.

हनुवटीच्या डागांसाठी सिरमचा दुसरा-तिसरा थर देत बसू नका. पातळ रंग कितीही वेळा दिला तरी गडद डाग त्यातून दिसतोच आणि आजूबाजूची त्वचा मात्र जड होते. सिरम बसल्यावर, चेहऱ्याच्याच रंगाचं कन्सीलर बारीक ब्रशच्या टोकावर घेऊन फक्त डागावर ठेवा, अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि कडा बोटाने दाबा. कन्सीलर आधी लावलं तर वरून सिरम पसरताना तेच पुसलं जातं.

पावडर फक्त नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी. गालाला नको, नाहीतर सिरमचा ओलसर, त्वचेसारखा दिसणारा पोत जातो आणि फाउंडेशनच बरं होतं असं वाटू लागतं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत एवढी पावडर लागतेच. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात कदाचित अजिबात लागणार नाही, उलट गालांना थोडं जास्त मॉइश्चरायझर लागेल.

टिकली लावत असाल तर भुवयांच्या मधली जागा सिरम आणि पावडर दोन्हींपासून मोकळी ठेवा, किंवा टिकली लावण्याआधी ओल्या कापसाने तेवढीच पुसून वाळवा. सिलिकॉनवर टिकलीचा गोंद धरत नाही. घाम आला की ती नाकावर घसरते. आणि स्कूटरवर स्कार्फ गुंडाळत असाल तर सिरम लावल्यावर पाच मिनिटांच्या आत गुंडाळू नका. नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या उंचवट्यावर कापड घासतं, रंग तिथूनच आधी जातो. स्कार्फ सुती आणि सैल असू द्या, पोचल्यावर तो वरून खाली ओढून काढण्याऐवजी गाठ सोडून बाजूला करा. घाम रुमालाने पुसायचा नाही, टिपायचा. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला रंग लागलाच तर पाण्यात बुडवण्याआधी कोरड्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळा, मग धुवा. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. आयर्न ऑक्साइड त्याने जात नाही, कापड मात्र झिजतं.

रात्री नुसत्या फेसवॉशने हे पूर्ण निघत नाही. नाकपुडीच्या कडेला आणि भुवयांमध्ये रंग राहतो, आणि आठ-दहा दिवसांनी तिथे बारीक पांढरे फोड दिसू लागतात. आधी क्लिन्झिंग ऑइल किंवा मायसेलर पाणी, मग फेसवॉश. खोबरेल तेलानेही रंग सुटतो, पण पिंपल्स येणाऱ्या त्वचेवर मी ते सुचवणार नाही.

नाव ‘सिरम’ असलं तरी त्याला औषध समजू नका. त्यात हायलुरॉनिक अ‍ॅसिड किंवा नायसिनामाइड असतं हे खरं, पण चार थेंबांतून जे जातं त्याने जुने डाग फिके होतील ही आशा धरू नका. गालांवर किंवा वरच्या ओठावर वांग असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: टिंटेड सिरम सोडून टिंटेड सनस्क्रीन घ्या. वांग अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आपल्या रंगाच्या त्वचेत तर विशेष. साधं बिनरंगी सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतो. पण तो पुरेशा जाडीने लागायला हवा आणि ती जाडी दोन बोटं लावायच्या टिंटेड सनस्क्रीनमध्येच मिळते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, नुसतं झाकत राहू नका.

पहिल्यांदा लावाल तो दिवस सुट्टीचा निवडा आणि दुपारी तीनला खिडकीपाशी आरशात बघा. नाकाच्या कडेला रंग साचलेला दिसला तर उद्या एक थेंब कमी. कपाळावर रंग तुटक दिसला तर मॉइश्चरायझर कमी. गालावर बारीक खवले दिसले तर तिथे मॉइश्चरायझर वाढवा, सिरम नाही. आणि चेहरा मानेपेक्षा पिवळा किंवा राखेरी दिसला तर शेडच चुकली आहे. त्याच कंपनीची शेजारची छटा आणून दोन्हींचे दोन-दोन थेंब हातावर मिसळून बघा, टिंटेड सिरमचं तेवढं सहज जमतं.