कार्ड बंद होईना, फी मात्र चालूच

प्रश्न : लाइफटाइम फ्री सांगून बँकेनं क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, आता जीएसटी धरून ५९० रुपये वार्षिक फी लावलीय, बंद करा म्हटलं की कस्टमर केअरवाले नवीनच ऑफर सांगत बसतात. काय करू?

उत्तर : ताई, फोनवर घसा कोरडा करू नका, बँकेला ईमेलच करा, लेखी पुरावा राहतो. फी मान्य नाही हेही त्यातच लिहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमाप्रमाणे बाकी शून्य असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेकडून तुम्हाला मिळायला हवेत, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही याचाच मला फार राग येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करा, फुकट असते.