खुडूक कोंबडी उठवायची कशी?

प्रश्न: गावठी कोंबडी 12-15 अंडी देऊन खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून घरट्यात उबवायला बसते. पाण्यात बुचकळली तरी उठत नाही. काय करावं? (एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर: बुचकळणं आधी थांबवा, त्यात तिचे नुसते हाल होतात. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. त्यानं अंडं पिकवणारी संप्रेरकं दबतात, अंडाशय आक्रसतं. म्हणून अंडी रोज उचला. तिला जमिनीपासून फूटभर उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात उजेडात ठेवा. खाली तणस नको. दाणा-पाणी मात्र पोटभर. घरटं सुटलं की प्रोलॅक्टिन उतरतं. उन्हाळ्यात पिंजरा सावलीतच हवा, आपल्याकडचं ऊन जीव घेतं. 3-4 दिवसांनी सोडा. घरट्यात शिरून पिसं फुगवली तर आणखी 2 दिवस कोंडा. अंडी साधारण 2-3 आठवड्यांनी सुरू होतात.